दहा की एकवीस? स्थानिक शर्यतीचा फॉर्म भरण्याआधी

शर्यतीचा फॉर्म उघडला की पाच, दहा, एकवीस किलोमीटर अशी रांग दिसते. यातलं एकवीस म्हणजे अर्धमॅरेथॉन, आपल्या बोलण्यातला ‘हाफ’. पाच किलोमीटर ज्याला आता सहज जातं आणि दहाही पळून झालेलं आहे, तो पुढच्या दोघांत अडकतो. दोन्ही अंतरं मी स्थानिक शर्यतींत बरीच वर्षं पळत आलोय आणि माझ्यापुरता निकाल लावलेला आहे. तो सांगतोच, पण आधी एवढं: हे सगळं बक्षिसाच्या आसपास नसलेल्या, तरीही स्वतःच्या वेळेची ओढ असलेल्या धावकासाठी आहे. वेळ कितीही लागो, यंदा एकवीस पूर्ण करायचंच असं मनाने घेतलं असेल तर बिनदिक्कत एकवीस भरा. तो आनंद वेगळाच असतो आणि त्याला तुलनेची गरज नाही.

बाकीच्यांनी एक समज मात्र बाजूला ठेवावा. दहा किलोमीटर झाले रे झाले की गटात पहिला प्रश्न येतो, ‘मग आता एकवीस कधी?’ जणू दहावी झाली की अकरावीत जायलाच हवं. मला हे कधी पटलेलं नाही. दहा हे एकवीसचं अर्धं काम नव्हे, तो वेगळाच प्रकार आहे.

तासाभराच्या आसपास टिकवता येईल असा जो सगळ्यात जोराचा वेग असतो, त्याला आपण थ्रेशोल्ड म्हणतो. ५० ते ६० मिनिटांत दहा काढणारे तुमच्याआमच्यासारखे लोक जवळपास अख्खी शर्यत त्याच रेषेवर पळतात. एकवीसमध्ये त्या रेषेच्या खाली राहावं लागतं, नाहीतर पंधराव्या किलोमीटरला हिशेब चुकता होतो. म्हणून दहात आधी दम जातो आणि एकवीसमध्ये आधी पाय जातात. कोणता त्रास तुम्हाला जास्त सोसतो, हे एकदा स्वतःला विचारून बघा. माझं उत्तर दम असं आहे. दम गेला तरी डोकं चालू राहतं, काय चाललंय ते कळत असतं. मांड्या दगड झाल्या की करण्यासारखं फारसं काही उरत नाही.

दहाची खरी परीक्षा सातव्या किलोमीटरला असते. पहिले दोन उत्साहात जातात, तिसरा-चौथा घड्याळाकडे बघत. पाचला वळसा घेऊन परत फिरताना अर्धं झाल्याचं बरं वाटतं. सहाचा बोर्ड मागे पडतो आणि अचानक शेवट फार लांब वाटायला लागतो. श्वास दोन पावलांत एक असा तुटक होतो, खांदे कानाकडे चढतात, आणि समोरच्या धावकाची पाठ हळूहळू लांब जायला लागते. घड्याळात किलोमीटरला ५:०० मिनिटांऐवजी ५:०९ दिसतं. दर शर्यतीत याच ठिकाणी ठरवावं लागतं की ती पाठ सोडायची की धरायची. तीनच किलोमीटर उरलेले असतात, म्हणून धरता येते. एकवीसमध्ये हाच क्षण सोळाव्याला येतो, तेव्हा पाच उरलेले असतात, आणि मला तरी पाचासाठी तो निर्णय तितक्या जोमाने घेता आलेला नाही.

एकवीसच्या बाजूने बोलण्यासारखंही पुष्कळ आहे. पहिली गोष्ट म्हणजे त्यात स्थिर व्हायला जागा असते. पहिला किलोमीटर वीस सेकंदांनी चुकला तरी पुढचे वीस तो सांभाळून घेतात. दहात पहिला किलोमीटर वीस सेकंदांनी जोरात गेला तर आठव्याला त्याची वसुली होतेच. दुसरं, एकवीसला बहुतेक ठिकाणी पेसर, म्हणजे ठरलेल्या वेळेत शर्यत संपेल अशा एकसारख्या वेगाने पळणारे, असतात. दोन तासांचं निशाण घेतलेल्या पेसरच्या मागे वीस-पंचवीस अनोळखी माणसं एका लयीत पळतायत, कुणी बोलत नाहीये, फक्त बुटांचा आवाज, हे दहाव्या-अकराव्या किलोमीटरला फार छान वाटतं. दहाच्या शर्यतीत मला ती सोबत क्वचितच मिळाली.

प्रतिष्ठेचं म्हणाल तर तीही खरीच आहे. जागतिक अर्धमॅरेथॉन स्पर्धा १९९२ पासून होत आल्या, आणि २०२३ मध्ये लाटव्हियातल्या रिगाला रस्त्यावरच्या धावण्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली तेव्हा तिथे मैल, ५ किलोमीटर आणि अर्धमॅरेथॉन होती, १० किलोमीटर नव्हती. ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर आहे, पण ट्रॅकवर. रस्त्यावरचं दहा हे मुख्यतः हौशी धावकांच्या जिवावर टिकलेलं अंतर आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

वेळेची तुलना करायची असेल तर एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्याची वेळ सांगणारं पीट रीगलचं सूत्र हाताशी ठेवा. अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात काढायचा आणि त्याने आपली वेळ गुणायची. ५० मिनिटांत दहा पळणाऱ्याचं एकवीस त्या हिशेबाने १ तास ५० मिनिटांच्या आसपास येतं. दोन तासांच्या आत हाफ हे ज्यांचं स्वप्न आहे, त्यांचं दहा साधारण ५४ मिनिटं २० सेकंदांच्या आत असायला हवं. माझ्या ओळखीतले बरेच जण ५८ मिनिटांच्या दहावर दोन तासांचा हाफ धरायला जातात आणि मग स्वतःला दोष देत बसतात. दोष त्यांचा नसतो, दहावर काम व्हायचं राहिलेलं असतं. शिवाय आठवड्याला फार किलोमीटर न पळणाऱ्याला हे सूत्र एकवीससाठी थोडं उदारच पडतं. माझी हाफची वेळ सूत्राने सांगितलेल्या वेळेच्या मागेच राहत आलीय.

सरावाचं थोडक्यात सांगतो. एकवीससाठी आठवड्यातून एक १६-१८ किलोमीटरचा लाँग रन टाळता येत नाही, आणि तो दिवस पळण्यापेक्षा पळून झाल्यावर जास्त जातो. दुपारी अंग जड, संध्याकाळी घरच्यांशी बोलताना लक्ष नाही. दहासाठी एक किलोमीटरचे पाच-सहा इंटरव्हल, म्हणजे जोराचे तुकडे, मध्ये दोन मिनिटं हळू जॉग, आणि आठवड्यातून एक वीस-पंचवीस मिनिटांचा टेम्पो, म्हणजे थ्रेशोल्डच्या आसपासचं सलग पळणं, एवढं नेमाने केलं तरी वेळ खाली येते. नोकरी, घर सांभाळून पळणाऱ्याला हा फरक लहान वाटणार नाही.

खाण्यापिण्याचंही तसंच. साधारण सव्वा तासापर्यंतच्या जोराच्या पळण्याला शरीरातला साठा पुरतो, त्यामुळे दहात पाण्याचा एक घोट घेतला तरी निभावतं. त्यापुढे ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. म्हणजे जेल (पळताना घ्यायची कर्बोदकांची घट्ट पेस्ट) आलं, ते पळता पळता पचवण्याचा सराव आला, आणि पाण्याच्या टेबलावर खरंच पाणी असण्यावर भिस्त आली.

शर्यतीनंतर सावरण्यासाठी प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांचा ठोकताळा मी वापरतो: पळालेल्या दर तीन हजार मीटरला एक हलका दिवस. दहाला तीन-चार दिवस, एकवीसला आठवडा. कागदावर फरक तीन-चार दिवसांचाच दिसतो, पण त्याआधीचे टेपरचे, म्हणजे सराव कमी करण्याचे, दिवस आणि नंतर पुन्हा लयीत येण्याचे दिवस धरले तर एका हाफच्या मागे माझा जवळपास महिना जातो. तेवढ्यात दोन दहा होऊ शकतात. पहिल्यात सुरुवात जोरात गेली तर दुसऱ्यात ती सावरून बघता येते, आणि काय बदललं तेही नेमकं कळतं. हाफमध्ये वेळ बिघडली की कारण ऊन होतं, जेल होतं, चढ होता की वेग होता, हे सांगणं मला अवघड जातं.

हे सगळं असूनही मी कदाचित दोन्ही आलटून पालटून पळत राहिलो असतो. निकाल लागला तो एकवीसच्या शेवटच्या चार किलोमीटरमुळे.

स्थानिक शर्यतींत रस्ता एकच असतो. पोलिसांची परवानगी एकाच पट्ट्याची मिळते, म्हणून पाच, दहा, एकवीस सगळे त्याच पट्ट्यावर, फक्त वळसे वेगळे. एकवीसला आधी सोडतात, मग दहाला, मग पाचला. आता विचार करा: दोन तासांच्या आसपास हाफ संपवणारा धावक सतराव्या किलोमीटरला पोहोचतो, तेव्हा दहाचे शेवटचे आणि पाचचे चालणारे त्याच पट्ट्यावरून त्याच दिशेने परत येत असतात. चार-चार जण हात धरून. कुणाच्या कानात इयरफोन, कुणी अचानक थांबून मागच्या मित्राचा फोटो काढतोय. त्यांचं काही चुकत नाही, त्यांनीही पैसे भरलेत आणि तो त्यांचाही आनंदाचा दिवस आहे. पण नेमकी हीच ती जागा असते जिथे तुम्ही तीन महिने ज्याच्यासाठी घालवले ते करायचं असतं. दमाच्या शेवटच्या टोकाला ‘डावीकडून, डावीकडून’ असं ओरडायला श्वास कुठून आणायचा? डावीकडून जावं तर तो माणूस डावीकडेच सरकतो. पाऊल आखडायचं, बाजूला उडी, पुन्हा वेग धरायचा, पुन्हा आखडायचं. अशा एका उडीत माझी पोटरी धरली आणि शेवटचा दीड किलोमीटर लंगडत काढावा लागला. त्या दिवशी मी घड्याळाप्रमाणे माझ्या सर्वोत्तम वेळेच्या पुढे होतो.

यात आणखी एक बारीक मुद्दा आहे. नीट मोजलेला मार्ग कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे अचूक अंतराशी ताडून घेतलेल्या, सायकलने, वळणाच्या कडेपासून ३० सेंटीमीटरवरून, म्हणजे शक्य तितक्या जवळच्या रेषेने मोजतात, आणि अंतर कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरतात. २१.०९७५ किलोमीटरला ते जेमतेम २१ मीटर होतात. माणसांना वळसे घालत पळणाऱ्याला ती रेषा मिळतच नाही. गर्दीच्या हाफनंतर माझ्या घड्याळात नेहमीच बरंच जास्त अंतर दिसतं. त्यातलं काही जीपीएसचं असेल, सगळं नक्कीच नाही. धावकाची वेळ नोंदवणाऱ्या चिपमुळे सुरुवातीच्या रेषेपर्यंत चालत जाण्यातला वेळ वजा होतो. शेवटच्या चार किलोमीटरमधल्या गर्दीचा वेळ कुठलीच चिप वजा करत नाही.

‘दहाला गर्दी नसते का?’ असं कुणी विचारेल. असते, आणि सुरुवातीला तर जास्तच असते. पण त्यावर उपाय आपल्या हातात आहे. वीस मिनिटं आधी जाऊन पहिल्या काही ओळींत, आपल्या वेगाच्या लोकांत उभं राहायचं. चारशे-पाचशे मीटरमध्ये रस्ता मोकळा होतो, आणि ५०-५५ मिनिटांत येणाऱ्यासमोर मग शेवटपर्यंत बहुतेक त्याच्याच वेगाचे लोक असतात. वाटेत मागे राहिलेले एकवीसवाले भेटतात, पण ते एकटेदुकटे आणि पळत असतात, त्यांना ओलांडणं सोपं जातं. पाचचे चालणारे अधूनमधून लागतात, तेही पाचच्या सुटण्याच्या वेळेवर अवलंबून. सुरुवातीच्या गर्दीत पाय ताजे असतात, दोन-चार सेकंद गेले तरी भरून येतात. शेवटच्या गर्दीत गेलेला सेकंद परत येत नाही.

सगळीकडे असंच असतं असं माझं म्हणणं नाही. काही आयोजक एकवीसचा परतीचा पट्टा दोरी किंवा शंकू लावून वेगळा ठेवतात, काही जण पाच किलोमीटर दुसऱ्याच दिशेला नेतात, आणि अशा ठिकाणी मी अजूनही आनंदाने हाफ भरतो. तुम्ही दीड तासाच्या आसपास हाफ पळत असाल तर ही अडचण तुम्हाला फारशी जाणवणारही नाही, कारण तुम्ही गर्दीच्या बऱ्याच आधी पोहोचता. आणि ज्याला सव्वादोन-अडीच तास लागतात, त्यालाही कदाचित नाही, कारण तोवर पाचवाले घरी गेलेले असतात. अडकतो तो मधला माणूस, आणि फॉर्म भरणाऱ्यांत तोच जास्त असतो असा माझा अंदाज आहे.

म्हणून एकवीसचे पैसे भरण्याआधी मार्गाचा नकाशा उघडा आणि आयोजकांना फोन करून तीन गोष्टी विचारा. दहा आणि पाच किती वाजता सुटणार? त्यांचा परतीचा रस्ता एकवीसच्या शेवटच्या पाच किलोमीटरवर येतो का? येत असेल तर पट्टा वेगळा करणार का, आणि कशाने? ‘आमचे स्वयंसेवक असतात’ हे उत्तर मी नाही असंच धरतो, कारण सतराव्या किलोमीटरला स्वयंसेवक पाण्याच्या टेबलावर असतात, रस्त्याच्या मध्यभागी नाही. तिन्ही उत्तरं पटली तर एकवीस भरायला हरकत नाही. नाही पटली तर दहा भरा, आणि तीन-चार आठवड्यांनंतरचं पुढचं दहा कुठे आहे ते आजच बघून ठेवा.