एलिस आयलंडचं म्युझियम: लिबर्टीचा पुतळा बघायला जाल तेव्हा इथे उतराच

न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या लोकांकडे भारतातून आई-बाबा नाहीतर सासू-सासरे आले की लिबर्टीचा पुतळा ठरलेलाच. बोटीत बसायचं, फोटो काढायचे, घरच्या ग्रुपवर टाकायचे. आणि त्याच तिकिटात असलेल्या एलिस आयलंडवर, जिथे पूर्वी बोटीने अमेरिकेत येणाऱ्यांची तपासणी व्हायची, तिथे बोट थांबते तेव्हा अर्धे लोक उतरतच नाहीत, "आता कुठे परत म्युझियम" म्हणून. माझं मत स्पष्ट आहे, पुतळा अर्ध्या तासात बघून होतो, खरं बघण्यासारखं ते दुसरं बेट आहे. आणि सध्या इकडे कागदपत्रं नसलेल्या लोकांवरून जे काही पेटलंय त्यात ज्याला ज्याला बोलायचंय त्याने तर आधी इथे जाऊन यावं.

आधी कामाचं सांगते. बोट दोन ठिकाणांहून सुटते, मॅनहॅटनच्या बॅटरी पार्कमधून आणि आपल्या बाजूच्या लिबर्टी स्टेट पार्कमधून. न्यू जर्सीवाल्यांनी डोळे झाकून लिबर्टी स्टेट पार्क धरावं, गाडी लावायला जागा मिळते, गर्दी कमी आणि बोट आधी एलिसला जाते, म्हणजे म्हातारी माणसं दमायच्या आत महत्त्वाचं बघून होतं. तिकीट साधारण पंचवीस डॉलर, त्यात दोन्ही बेटं आणि ऑडिओ गाइड आलं, म्युझियमचे वेगळे पैसे नाहीत. चढण्याआधी विमानतळासारखं चेकिंग असतं. लिफ्ट आहे, व्हीलचेअरवाल्यांचे हाल होत नाहीत, माझ्या बाबांचे गुडघे दुखतात तरी त्यांना काही त्रास झाला नाही. कॅफेत शाकाहारी माणसाला फार काही मिळत नाही आणि जे मिळतं ते महाग, घरून धपाटे-चटणी नेलेली बरी.

आता खरं म्युझियम. १ जानेवारी १८९२ ला हे स्टेशन सुरू झालं, १९५४ ला बंद पडलं, मधल्या काळात १ कोटी २० लाखांच्या आसपास माणसं इथून अमेरिकेत शिरली. खाली सामानाचा हॉल आहे, तिथे जुन्या पेट्या, ट्रंका, वेताच्या टोपल्या रचून ठेवल्यात. बाबा तिथेच थबकले. त्यांची सगळी नोकरी एसटीत गेली, त्यांना लगेच सामानाचं पडलं, "एवढ्या गर्दीत कुणाची पेटी कुणाला जात असेल गं?" मग वर गेलं की ती मोठी रजिस्ट्री रूम, उंच कमानीचं छत, टाइल्सचं, आणि खाली लाकडी बाकं. फोटोत बघितली असेल, पण तिथे उभं राहिल्यावर तिचा आकार कळतो. १७ एप्रिल १९०७ या एकाच दिवशी ११,७४७ लोक इथून गेले.

या हॉलच्या बाजूच्या खोल्या घाईत बघू नका, जीव तिथे आहे. डॉक्टर जिन्यावरून चढणाऱ्या माणसांकडे बघत उभे असायचे, कोण धापा टाकतोय, कोण लंगडतोय, आणि संशय आला की कोटावर खडूने अक्षर काढायचे. हृदयासाठी वेगळं, डोळ्यांसाठी वेगळं, लंगडण्यासाठी वेगळं, आणि मतिमंद वाटला तर फुली. खुपरी आहे का बघायला डोळ्याची पापणी उलटी करायचे, त्यासाठी बुटाची बटणं लावायचा आकडासुद्धा वापरायचे. त्याचा फोटो बघून आईने तोंड फिरवलं. तिसऱ्या मजल्यावर अडकवून ठेवलेल्यांची झोपायची खोली आहे, एकावर एक तीन तीन जाळीच्या खाटा टांगलेल्या, मधे एक माणूस जेमतेम आडवा होऊन जाईल एवढी वाट. त्या खोलीत माझी लेक, जी एरवी अशा ठिकाणी फोनमधून डोकं वर काढत नाही, ती बराच वेळ काही न बोलता उभी होती.

फिरता फिरता आईने विचारलं, "पण यांचे व्हिसा कुठे तपासायचे?" तिला वर्षानुवर्षं मुंबईच्या कॉन्सुलेटची धाकधूक माहिती, बँकेचे कागद, घराचे कागद, फोटोचा साइज, सगळं. मी म्हटलं, आई, व्हिसा नव्हताच. पहिल्या महायुद्धापर्यंत युरोपातल्या माणसाला अमेरिकेत यायला व्हिसा लागत नव्हता, १९२१ पर्यंत दरवर्षी किती जण येणार याची मर्यादाही नव्हती. बोटीचं तिकीट काढायचं, इथे उतरायचं, डॉक्टर बघणार, अधिकारी नाव गाव पैसे विचारणार, आणि बहुतेक जण काही तासांत मोकळे. परत पाठवलेले साधारण २ टक्के. आणि ही तपासणीसुद्धा बोटीच्या तळातून आलेल्या गरिबांची, पहिल्या-दुसऱ्या वर्गातल्या लोकांना बोटीवरच बघून परस्पर मॅनहॅटनला सोडायचे. आजही तेच आहे की, ८ लाख डॉलर गुंतवायची ऐपत असेल तर ग्रीन कार्डाचं दार वेगळं.

एक गोष्ट वाचून मी चक्रावले. १८८५ च्या कायद्याने आधीच नोकरी ठरवून येणाऱ्या मजुराला बंदी होती. म्हणजे अधिकाऱ्याने विचारलं "नोकरी ठरली आहे का?" आणि कुणी भाबडेपणाने "हो" म्हणालं तर तो अडकला. आणि आम्ही एच-वन-बीवाले, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेले, आमच्या हातात नोकरीचं पत्र नसेल तर आम्हाला इथे पाय ठेवता येत नाही. तीच अमेरिका, तोच प्रश्न, उत्तर बरोबर उलटं. कोण कायदेशीर आणि कोण बेकायदेशीर हे माणसाच्या चारित्र्यावर ठरत नाही, तो कुठल्या साली, कुठल्या देशातून आणि कुठल्या वर्गातून आला त्यावर ठरतं, हे मला इथे जेवढं स्पष्ट दिसलं तेवढं कुठल्याही टीव्हीवरच्या चर्चेत दिसलं नाही.

बाहेर हिरवळीच्या कडेने नावं कोरलेली भिंत आहे, ७ लाखांच्या वर नावं, लोक आपल्या पणजोबाचं नाव शोधून बोट ठेवून फोटो काढतात, बघून खरंच बरं वाटतं. तिथे एक आजोबा नातवंडांना सांगत होते की आपली माणसं नीट, कायद्याने, लाइनीत उभी राहून आली. खोटं नव्हते बोलत ते. पण ती लाइन दुपारपर्यंत संपायची हे कुणीतरी त्या पोरांना सांगायला हवं.

कारण लाइनीचं हे वाक्य आपल्याकडेही रोज ऐकते. मंडळाच्या गणपतीत प्रसाद घेताना असो की कुणाच्या घरी पॉटलक असो, विषय निघतोच, "आपण इतकी वर्षं टॅक्स भरतोय, लाइनीत उभे आहोत, आणि हे सीमेवरची भिंत ओलांडून येतात." हा राग मला पूर्ण समजतो कारण मी त्याच लाइनीत आहे. रोजगारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांपैकी कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांच्या वर मिळत नाहीत, मग देश आइसलँड असो की भारत, आणि आपले दहा लाखांवर लोक त्यात तुंबलेत. माझी लेक पुण्यात जन्मली, लहानपणी इकडे आली, ती २१ ची झाली की माझ्या अर्जातून बाहेर पडण्याची टांगती तलवार आहे. रात्री झोप उडते त्याने. पण माझी लाइन पुढे सरकत नाही याला कारण वॉशिंग्टनमधले कायदे आहेत, माझ्या ऑफिसच्या खालच्या डेलीत भांडी घासणारा ग्वाटेमालाचा माणूस नाही. तो उद्या परत गेला तरी माझी तारीख एका दिवसाने पुढे येणार नाही.

आणि त्याच्यासाठी लाइन आहे कुठे? डिग्री नाही, इथे कुणी जवळचा नातेवाईक नाही, पैसा नाही, अशा कामगारासाठी ग्रीन कार्डं आहेत, सगळ्या जगाला मिळून वर्षाला जास्तीत जास्त १०,०००. ग्रीन कार्डाच्या लॉटरीत भारत आणि मेक्सिको बसतच नाहीत. शेतीच्या हंगामी व्हिसावर आलात तर मालकाशी बांधलेले, हंगाम संपला की परत. आणि बेकायदा वर्षभराच्या वर राहिलेला माणूस कागद नीट करायला म्हणून देश सोडून गेला तर १९९६ च्या कायद्याने दहा वर्षं परत येता येत नाही, मग तो जाईल कशाला? इथल्या शेतात तोडणी-खुडणी करणाऱ्या मजुरांपैकी साधारण ४० टक्क्यांकडे कागदपत्रं नाहीत असं खुद्द सरकारी पाहण्या सांगतात. २०२२ या एका वर्षात अशा लोकांनी ९६.७ अब्ज डॉलर टॅक्स भरला असा आयटीईपी या टॅक्सचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा अंदाज आहे. स्ट्रॉबेरी आपल्याला स्वस्त हवी, ती खुडणारा माणूस मात्र नको, हे मला पटत नाही.

सीमा उघड्या टाका असं मी म्हणत नाहीये. कोण आत येतं हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे, आणि २०२३ च्या सरकारी वर्षात दक्षिण सीमेवर जवळपास २५ लाख वेळा लोक अडवले गेले, न्यूयॉर्क शहराची राहायची-जेवायची सोय करताना दमछाक झाली, ती सगळी तक्रार काही द्वेषातून आलेली नाही. ज्याने गुन्हा केलाय त्याला परत पाठवा, त्यात माझं काही म्हणणं नाही. पण वीस वर्षं इथे राबलेल्या, मुलं इथल्या शाळेत असलेल्या माणसाला दंड भरून, टॅक्स चुकता करून कागद मिळवायची वाट द्यायलाच हवी. ही काही डाव्यांची कल्पना नाही, १९८६ मध्ये रेगनसारख्या रिपब्लिकन अध्यक्षाने सही करून साधारण २७ लाख लोकांना कायदेशीर केलं होतं.

आणि "हे लोक" म्हणताना आपण कुणाबद्दल बोलतोय ते तरी बघा. प्यू रिसर्च या पाहणी करणाऱ्या संस्थेच्या २०२२ च्या अंदाजात कागदपत्रं नसलेले भारतीय सव्वासात लाखांच्या घरात होते. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात तीन आपल्या महाराष्ट्रातले होते. हातात बेड्या, पायात साखळदंड. आमच्या ग्रुपवर कुणीतरी त्यावर टाळ्यांचे इमोजी टाकले, ते मला फार लागलं. परत पाठवायचं तर पाठवा, पण जमीन विकून, एजंटला चाळीस-पन्नास लाख देऊन जंगलातून चालत आलेल्या पोराला साखळ्या कशाला? खरी चीड त्या एजंटांची यायला हवी. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातच्या डिंगुचा गावचं एक अख्खं कुटुंब, दोन लहान मुलांसकट, कॅनडाच्या बाजूने सीमा ओलांडताना बर्फात गोठून गेलं, तिथपर्यंत त्यांना नेऊन सोडणारी ही माणसं.

म्युझियमला पूर्ण मार्क मी देणार नाही त्याचं कारणही हेच. १८९२ ते १९२४ चा काळ त्यांनी जीव ओतून मांडलाय. १९५४ नंतरचं दालनही आहे, ते २०१५ मध्ये उघडलं, पण वरच्या मजल्यांवर जसा एकेका माणसाचा चेहरा समोर येतो तसा इथे येत नाही, पाट्या वाचत पुढे सरकतो आपण. आपल्या लोकांचा इतिहास तर ठळकपणे, मोठ्या भिंतीवर हवा. १९१७ च्या कायद्याने भारतासकट जवळजवळ सगळ्या आशियातल्या मजुरांना दार बंद झालं, १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांना, अमेरिकेच्या सैन्यात काम केलेल्या माणसाला, सुप्रीम कोर्टाने गोरे नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं, आणि १९४६ मध्ये दार किलकिलं झालं ते अख्ख्या भारताला वर्षाला १०० जण एवढंच. त्या काळात ब्रिटिश बोटींवर भट्टीपाशी राबणारे खलाशी, बरेचसे बंगालकडचे, न्यूयॉर्कला बोट लागली की उतरून शहरात नाहीसे व्हायचे, तिथल्या हार्लेम वस्तीत त्यांनी संसार केले. इथल्या भारतीयांमध्ये अगदी सुरुवातीला आलेले हे लोक, आणि त्यांच्याकडे कागद नव्हते. पॉटलकला ही गोष्ट कुणी सांगत नाही.

बाकी कर्मचारी चांगले आहेत. पार्कची एक रेंजर बाई मुलांना त्या काळच्या लाकडी तुकड्यांच्या चाचणीबद्दल इतकं छान समजावत होती, भाषा न येणाऱ्या माणसाची अक्कल तुकडे जुळवायला लावून कशी मोजायचे ते, की मोठेच जास्त जमले होते. प्रवाशांच्या नोंदी शोधायचे कॉम्प्युटर आहेत, साडेसहा कोटी नोंदी, बघायला पैसे पडत नाहीत. ऑडिओ गाइड घ्याच, ज्यांची इंग्रजी कच्ची त्यांना मात्र सोबत कुणीतरी सांगणारं लागतं. जुन्या हॉस्पिटलची वेगळी टूर आहे, डोक्यावर हेल्मेट घालून नेतात, तिचं तिकीट वेगळं आणि चालणं भरपूर, बाबांना घेऊन ती जमली नसती.

पाचपैकी साडेचार. म्युझियममध्ये दुरुस्तीचं मोठं काम काढलंय, काही दालनं बंद असू शकतात, तेवढं वेबसाइटवर बघून निघा. सकाळची पहिली बोट पकडा, आधी तिसरा मजला करा आणि मग खाली उतरत या. उन्हाळ्यात शनिवार-रविवार टाळा, आणि मुलं आठवी-नववीत असतील तर त्यांना नक्की न्या.