पिकअपला रंगीत लाइट: बिलात रिले, गाडीत मात्र नाही

माझ्या पिकअपला रंगीत लाइट बसवून दुकानदारानं बिल म्हणून जी चिठ्ठी दिली, तिच्यावर लिहिलं होतं: रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), वेगळा फ्यूज, तांब्याची वायर, ‘आरटीओ पास’ लाइट. यातलं एकही गाडीत नव्हतं. हे उघडकीला आलं माळशेज घाटात, नारायणगावचा टोमॅटो वाशीला नेताना. आधी जळकट वास आला, मग मीटरचा उजेड गेला आणि मागचे दिवे विझले. धुकं इतकं की पुढचं वळण दिसेना. हॅझर्ड चालू राहिले म्हणून मागच्या ट्रकला माझी पिकअप दिसली. भाडी मारणारी कितीतरी पोरं अशाच दुकानांत हौसेनं लाइट बसवून घेतात, म्हणून सगळं लिहितो.

ओतूरच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियननं टेप सोडवली आणि एकेक गोष्ट दाखवली. पुढचा 120 वॅटचा लाइट बार आणि हौद्याखालच्या निळ्या पट्ट्या थेट पार्किंग लाइटच्या वायरला जोडलेल्या. 12 व्होल्टवर 120 वॅट म्हणजे 10 अँपिअर. पार्किंगच्या वायरवर पाच-पाच वॅटचे मोजके बल्ब असतात, दोन-तीन अँपिअरच्या वर काम जात नाही. साहजिकच तिथला 10 चा लाल फ्यूज उडत असणार. दुकानदारानं काय करावं? लाल काढून 30 चा हिरवा ठोकला! फ्यूज असतो वायर वाचवायला. 30 चा टाकला की आधी वायर जळते आणि फ्यूज शाबूत राहतो. माझ्या गाडीत नेमकं तेच झालं.

वायरही तांब्याची नव्हती. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. ब्लेडनं खरवडल्यावर पांढरी तार दिसली. अशी वायर तेवढ्याच जाडीच्या तांब्याइतका करंट पेलत नाही, लवकर तापते. पत्र्याच्या भोकातून ती रबरी बुशशिवाय ओढलेली, त्यामुळे एका जागी सालही निघालं होतं.

‘आरटीओ पास’ तर निव्वळ थाप. दुकानातल्या खोक्यावर आरटीओ असला शिक्का मारत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढून लाल दिवा दिसता कामा नये. मागून फक्त लाल चालतो. इंडिकेटर, रिव्हर्स आणि नंबरप्लेटचा दिवा असे काही अपवाद. दुकानदारानं माझ्या ग्रिलमध्ये लाल पट्टी बसवली होती आणि वर ‘पोलीस काही बोलत नाहीत’ असा दिलासा दिला होता. लाल-निळे लुकलुकणारे दिवे पोलीस आणि आपत्कालीन सेवेच्या गाड्यांसाठी आहेत; मालवाहू गाडीवर ते लावून लोकांना बुचकळ्यात पाडू नका.

जाब विचारायला गेलो तर म्हणाला, “भाऊ, सगळे असंच बसवतात.” नवी पट्टी फुकट देतो म्हणे, पैसे परत नाहीत. हातात साधी चिठ्ठी होती, जीएसटीचं बिल त्यानं दिलंच नव्हतं. तुम्ही पक्कं बिल मागा, त्यावर लाइटचे वॅट आणि वायरची जाडी लिहून घ्या. असं कोणी फसवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे.

काम चालू असताना तिथंच उभे राहा आणि दाखवल्याशिवाय टेप गुंडाळू देऊ नका. मोठ्या बारसाठी बॅटरीपासून वेगळी वायर हवी, बॅटरीच्या अगदी जवळ तिचा स्वतःचा फ्यूज हवा, मधे रिले हवा. केबिनमधल्या स्विचनं फक्त रिले चालू-बंद व्हावा, बारचा सगळा करंट स्विचमधून जाऊ नये. अर्थिंगची (निगेटिव्ह) वायर रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्याला बोल्टनं घट्ट बसवायची. जोडांवर नुसती चिकटटेप उन्हाळ्यात सुटते. तापवून आवळणारी स्लीव्ह घाला आणि वरून नळी. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापू देऊ नका.

पैसे देण्याआधी इंजिन चालू ठेवून सगळे लाइट अर्धा तास लावा आणि वायर, फ्यूज, रिले हातानं चाचपा. कुठं चटका बसण्याइतकी धग लागली तर काम तिथंच उघडायला लावा.