रोजचा रिव्ह्यू की आठवड्याचा? आर्ट टीमसाठी काय बरं

मित्राने नुकतीच गेम-आर्ट टीम हातात घेतलीय, शिस्त हवी पण पोरांची कल्पकता मारायची नाही म्हणतो, आणि रिव्ह्यू रोज ठेवू की आठवड्याने यावर अडलाय. मी दोन्ही केलंय, म्हणून लिहितो.

रीवर्कच्या, म्हणजे झालेलं काम पुन्हा करावं लागण्याच्या, बाबतीत रोजचा सरळ जिंकतो. आठवड्याच्या रिव्ह्यूत एकदा आमच्याकडे एक चिलखत आलं, हाय-पॉली (बारीक तपशिलांचं 3D मॉडेल) झालेलं, यूव्ही (टेक्श्चर बसवायला मॉडेलचा सपाट उलगडा) उलगडलेले, टेक्श्चरसुद्धा (पृष्ठभागावरचं चित्र) रंगवलेलं, आणि मग कळलं की खांदे इतके रुंद की हात वर केला की मेश (मॉडेलचा पृष्ठभाग) डोक्यात घुसतो! ब्लॉकआउटलाच, म्हणजे सुरुवातीच्या ढोबळ मॉडेललाच, बघितलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं, तिथे चार दिवस गेले.

पण कल्पकतेचं उलटं आहे. रोज दाखवायचं म्हटलं की माणूस सेफ खेळतो, वेडंवाकडं सिल्हुएट (पात्राची बाह्याकृती) काढून बघत नाही, कारण संध्याकाळी सगळ्यांसमोर अर्धवट काम उघडं पडणार. कॉन्सेप्टवाल्यांना (सुरुवातीच्या कल्पना चितारणाऱ्यांना) तर हे फारच जाचतं.

लीडचा वेळ रोजच्यात जास्त जातो हे उघड आहे. फाइलची नावं, टेक्सेल डेन्सिटी (मॉडेलच्या आकारमानाने टेक्श्चरचे पिक्सेल किती), पॉलीकाउंट (मॉडेलमधल्या बहुभुजांची संख्या) असल्या गोष्टी मात्र कुठल्याच रिव्ह्यूत नकोत, त्या चेकलिस्टने किंवा स्क्रिप्टने तपासा, माणसाने त्यावर का भांडायचं?

तर प्रॉडक्शन चालू असेल, नवीन पोरं जास्त असतील, तर रोज पंधरा मिनिटं. प्री-प्रॉडक्शन (प्रत्यक्ष निर्मितीआधीची तयारी) असेल, स्टाइल शोधताय, लोक मुरलेले आहेत, तर आठवड्याचाच ठेव.