ग्रीन कॉफीच्या कॅप्सूल आणि आण्णांची थांबलेली केमो

माझे थोरले काका, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. त्यांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली, डॉक्टरांनी पुढं केमो (केमोथेरपी) सांगितली. पहिल्या सायकलनंतर, म्हणजे औषधाच्या पहिल्या फेरीनंतर, तोंड आलं, जेवण जाईना. नेमक्या त्याच दिवसांत काकूंच्या ओळखीतला एक ‘आरोग्य सल्लागार’ घरी आला. त्याच्याकडं ग्रीन कॉफीच्या, म्हणजे न भाजलेल्या कॉफीच्या अर्काच्या, कॅप्सूल होत्या. यानं कर्करोग बरा होतो, असं तो सांगत होता. एक बाटली ४,८०० रुपयांना आणि ‘कोर्स’ सहा बाटल्यांचा. पैसे यूपीआयनं त्याच्या खासगी खात्यावर गेले, पावती मिळाली नाही.

पैशांचं दुःख आहेच, पण मी लिहितेय ते वेगळ्या कारणासाठी. त्यासाठी तो जे दाखले देत होता त्यातलं बरंचसं खरं होतं. म्हणूनच घरातली शिकलेली माणसंही गप्प राहिली.

कच्च्या कॉफीच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल नावाचं पॉलिफेनॉल (वनस्पतींत आढळणारं एक प्रकारचं रसायन) भरपूर असतं, हे खरं. बी भाजली की त्यातलं बरंच नष्ट होतं, हेही खरं. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या आतड्याच्या कर्करोगपेशींवर हे आम्ल टाकलं की त्यांची वाढ मंदावते, असे शोधनिबंध आहेत. त्यातले फोटो त्यानं मोबाइलवर दाखवले. पण बशीत ते आम्ल पेशींवर थेट ओतलेलं असतं. माणसानं गिळलेल्या क्लोरोजेनिक आम्लापैकी साधारण एक तृतीयांशच लहान आतड्यातून शोषलं जातं, आणि तेही यकृतात पोचेपर्यंत बदलतं. तो म्हणाला, ‘उरलेलं थेट मोठ्या आतड्यात जातं, तिथंच आजार आहे, तिथंच औषध!’ ऐकायला किती पटतं. खरं तर तिथले जिवाणू त्याचे तुकडे करून दुसरेच पदार्थ बनवतात. शिवाय आण्णांची गाठ ऑपरेशनमध्ये निघालेलीच होती. केमो होती ती शरीरात कुठं चुकून राहिलेल्या पेशींसाठी.

मग त्यानं ‘जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाणपत्र’ काढलं. तसं प्रमाणपत्र नसतंच. संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९१ साली कॉफीला मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संदर्भात ‘शक्यतो कर्करोगकारक’ म्हटलं होतं. २०१६ मध्ये हजारावर अभ्यास तपासून तो शिक्का काढला. कॉफी पिणाऱ्यांत यकृताच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचं प्रमाण कमी दिसतं, असंही नोंदवलं. वीसहून जास्त इतर कर्करोगांबद्दल पुरावा अपुरा राहिला. ही सगळी निरीक्षणं कॉफी पिणाऱ्या लोकांवरची आहेत. झालेला कर्करोग कॅप्सूलनं बरा होतो, असं त्यात कुठंही नाही.

मला सर्वांत संताप आला तो त्यानं सांगितलेला ‘भारतात सिद्ध झालेला प्रयोग’ कोणता हे कळल्यावर. तो होता वजन कमी करण्याचा. बेंगळुरूमध्ये १६ जणांवर झालेला हा अभ्यास २०१२ साली छापून आला आणि २०१४ मध्ये मागे घेतला गेला. त्यातल्या आकड्यांत फेरफार झाल्याचा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं (ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणाऱ्या सरकारी संस्थेनं) ठेवला आणि तो अभ्यास करवून घेणाऱ्या कंपनीला ३५ लाख डॉलर भरावे लागले. म्हणजे केमोत वजन टिकावं म्हणून आम्ही ज्यांना घास भरवत होतो, त्यांच्या हातात वजन उतरवण्याच्या नावानं विकलं जाणारं उत्पादन दिलं गेलं.

आणि हे सगळं झाल्यावर हळूच एक वाक्य आलं : ‘केमोनं कॅप्सूलचा असर मरतो, थोडे दिवस थांबवा.’ आण्णांनी पुढची सायकल चुकवली. माझ्या लेखी हा गुन्हा आहे. डॉक्टरांना आम्ही बाटली दाखवली तेव्हा त्यांनी ती आधी बंद करायला लावली. केमो चालू असताना अशा अर्कांचे मोठे डोस आम्हाला न सांगता कधीच घेऊ नका, म्हणाले. रक्ताच्या तपासण्या करून उपचार पुन्हा सुरू झाले.

पैसे परत मागितले तर ‘उघडलेली बाटली घेत नाही’ असं उत्तर आलं. ‘बरं करतो असं मी म्हणालोच नव्हतो,’ हेही ऐकवलं. व्हॉट्सअॅपवरचे मेसेज त्यानं पुसून टाकले होते. बाटलीवर बारीक इंग्रजीत ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असं छापलेलं होतं. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांकही होता. तो अन्न म्हणून विकण्याचा परवाना आहे, रोग बरा होण्याची हमी नव्हे. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करायला तर १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यानंच बंदी आहे.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार केली आहे. काकूंच्या मोबाइलमध्ये त्याची एक ऑडिओ क्लिप सापडली, यूपीआयची नोंद होती, तेवढाच पुरावा हाती आहे. तुमच्याकडं असा कुणी आला, तर बिल मागा, दावा लिहून मागा, मेसेजचे स्क्रीनशॉट लगेच काढा आणि बाटली रुग्णाच्या डॉक्टरांकडं घेऊन जा. तोपर्यंत केमोची तारीख हलवू देऊ नका.