नवसाक्षरांच्या हाती ‘खबर लहरिया’

उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटहून २००२ साली सुरू झालेलं ‘खबर लहरिया’ हे बुंदेली बोलीतलं वृत्तपत्र ग्रामीण बायकांनीच चालवलं. २००९ मध्ये त्याच्या कामाला युनेस्कोचा किंग सेजोंग साक्षरता पुरस्कार मिळाला. साक्षरता वर्गासाठी जुने छापील अंक उत्तम! रेशन, हातपंप, रस्ता हे शब्द आधीच तोंडात असल्यानं वाचणारी अर्थ ओळखत पुढे सरकते. आधी मथळा मोठ्यानं वाचा, मग बोट ठेवून तीनच ओळी. अडखळतं ते जोडाक्षरांवर. ती आदल्या दिवशी फळ्यावर फोडून दाखवा. मराठी वर्गात हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ गोंधळ करतात. आता ‘खबर लहरिया’चा भर छपाईऐवजी व्हिडिओवर आहे. बातमी पोचते, पण अक्षरावर बोट टेकत नाही, हे फार खटकतं.