कादलिक्क नेरमिल्लै: जावयापेक्षा सासराच भाव खाऊन जातो

तमिळमध्ये घरजावयाला ‘वीट्टोड माप्पिळ्ळै’ म्हणतात. दिग्दर्शक श्रीधर यांच्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ (‘प्रेम करायला वेळ नाही’) या तमिळ चित्रपटाचा (१९६४) नायक रीतसर घरजावई नाही. पण पठ्ठ्या लग्नाआधीच खोटा श्रीमंत बाप सोबत घेऊन होणाऱ्या सासऱ्याच्या बंगल्यात मुक्काम ठोकतो आणि सासरा त्याची पाहुण्यासारखी सरबराई करतो. जावई घरात राहायला आला की काय काय गंमत होते, ती सगळी इथे आहे. ‘धूमधडाका’ पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला गोष्ट ओळखीची वाटेल, कारण महेश कोठारे यांचा १९८५ चा तो चित्रपट याच कथेवर उभा आहे. शरद तळवलकरांचा धनाजीराव वाकडे आणि अशोक सराफ यांचा यदुनाथ जवळकर यांचं मूळ घराणं हे.

विश्वनाथन हा पैशाच्या जोरावर माणूस मोजणारा इस्टेटवाला. दोन मुली, एक मुलगा, बायको हयात नाही. त्याच्याकडे नोकरीला असलेल्या अशोकला तो कामावरून काढतो. अशोक त्याच्या बंगल्यासमोरच तंबू ठोकून ‘विश्वनाथन, वेलै वेंडुम’ म्हणजे ‘विश्वनाथन, काम पाहिजे’ असं गाणं सुरू करतो. पुढे धाकटीवर त्याचं मन बसतं. पण सासऱ्याला हवा श्रीमंत जावई. मग अशोक आपला मित्र वासू याला पांढरे केस चिकटवून करोडपती बाप बनवतो. हा वासू नेमका थोरलीच्या प्रेमात असतो, आणि आपण जातोय ते तिचंच घर आहे याचा त्याला पत्ता नसतो. यापुढचं सांगत नाही.

हा चित्रपट टी. एस. बालय्या यांचा आहे, हे पहिल्या अर्ध्या तासातच कळतं. त्यांच्या विश्वनाथनचा लोभ कधीच खलनायकी होत नाही, आणि बालय्या हसवायला म्हणून एकही चाळा करत नाहीत. अशोक गडगंज माणसाचा मुलगा आहे असं कळताच ते विचारतात, ‘अशोकर उंग महरुंगळा?’ तमिळनाडूत हे वाक्य आजही लोकांच्या तोंडी आहे. सबटायटलमध्ये त्याचं नुसतं ‘अशोक तुमचा मुलगा का?’ एवढंच उरतं आणि विनोद हातचा जातो. ‘महन’ म्हणजे मुलगा. शेवटचा ‘न’ साधा, ‘र’ आदराचा. काल हाकलून दिलेल्या पोराच्या नावालाच नव्हे, तर ‘मुलगा’ या शब्दालाही बालय्या आदरार्थी शेपूट लावतात. आपल्याकडे ‘अशोकराव आपले चिरंजीवराव का?’ असं कुणी विचारावं, तसं. तमिळ येत नसेल तर या वाक्याला थांबून ते पुन्हा ऐका. सासऱ्याची सगळी कुंडली त्या एका ‘र’मध्ये आहे.

हा चित्रपट पाहण्याचं दुसरं मोठं कारण नागेश. त्यांनी रंगवलेला विश्वनाथनचा मुलगा चेल्लप्पा बापाच्या पैशावर ‘ओहो प्रॉडक्शन्स’ काढून सिनेमा बनवू पाहतो. तो बापाला भुताची गोष्ट ऐकवतो तो प्रसंग भाषा न समजताही पोट दुखेपर्यंत हसवतो. वारा, पावलं, दार, सगळे आवाज नागेश तोंडानेच काढतात. पण हसू फुटतं ते ऐकणाऱ्या बालय्यांच्या चेहऱ्यावरून. सांगणारा आणि घाबरणारा दोघे बरोबरीचे असले तरच हा प्रसंग उभा राहतो. नागेश घरातलाच मुलगा असल्यामुळे विनोदी नटाचं वेगळं ठिगळ कथेला लावावं लागलेलं नाही. त्या काळातल्या कितीतरी चित्रपटांत विनोदाचा असा तुकडा कथेपासून तुटून पडतो, म्हणून हे मुद्दाम सांगायचं.

वासू झालेले मुत्तुरामन म्हाताऱ्याच्या वेषात मजा आणतात. अशोक झालेल्या, मलेशियात जन्मलेल्या रविचंद्रन यांचं हे पदार्पण. नवखेपणा दिसतो, पण उत्साह खरा वाटतो. एअर होस्टेसची नोकरी सोडून आलेल्या कांचनाही सफाईने वावरतात. मात्र विश्वनाथनच्या मुली झालेल्या कांचना आणि राजश्री या दोघींना लिखाणात फारसं काही दिलेलं नाही. एकदा प्रेम जमलं की पुढची सगळी हालचाल पुरुषांच्या हाती जाते. चेल्लप्पाच्या सिनेमाची नायिका होणाऱ्या सच्चूला उलट कमी वेळात जास्त वाव मिळालाय. उत्तरार्धात योगायोगांची गर्दी होते आणि शेवटचा गोंधळ थोडा ताणलेला आहे. तिथे दहा मिनिटं कात्री चालली असती तर बरं झालं असतं.

संगीत एम. एस. विश्वनाथन आणि राममूर्ती या संगीतकार जोडीचं, गीतं कण्णदासन यांची. ‘अनुभवम पुदुमै’च्या चालीत ‘बेसामे मुचो’ या स्पॅनिश गाण्याची झाक स्पष्ट ऐकू येते, तरी पी. बी. श्रीनिवास आणि सुशीला ते आपलंसं करतात. ‘एन्न पार्वै’मध्ये तरुण येसुदास आहेत. शीर्षकगीत सीर्काळी गोविंदराजन यांच्या खड्या आवाजात, म्हाताऱ्या झालेल्या मुत्तुरामनवर आहे. गाणी पुढे ढकलू नका, कारण ‘वेलै वेंडुम’सारख्या गाण्यात तर कथाच पुढे सरकते.

ए. व्हिन्सेंट यांचं छायाचित्रण ईस्टमनकलरमध्ये आहे आणि पोल्लाचीजवळच्या आळियार धरणाचा परिसर त्यात मोकळा, उजळ दिसतो. म्हणून प्रत निवडताना रंग तपासा. फिकट प्रतीत हिरवा आणि निळा मरतो आणि निम्मा आनंद जातो. लांबी अडीच तासांच्या आसपास. मारामारी नाही, खलनायक नाही, आजी-आजोबांपासून मुलांपर्यंत सगळ्यांना एकत्र बसून पाहता येतो.

श्रीधर यांनीच हिंदीत ‘प्यार किये जा’ (१९६६) केला. त्यातल्या भुताच्या गोष्टीत मेहमूद सांगतात आणि ओम प्रकाश ऐकतात. मेहमूद यांना या भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं. दोन्ही प्रसंग लागोपाठ पाहा, पण आधी तमिळ. मेहमूद जास्त आवाज करतात, आणि बालय्या मात्र खुर्चीत बसल्या जागी, नुसत्या डोळ्यांनी आणि ओठांनी घाबरतात.