लाकडी स्टॉकला घरचा चीकपीस: रॉडवर उचलणारा की पीव्हीसीचं खोगीर?

एअर रायफलीवर स्कोप चढवला की डोळा वर जातो आणि गाल हवेत राहतो, कारण बहुतेक जुन्या लाकडी स्टॉकची, म्हणजे दस्त्याची, उंची उघड्या साइटच्या हिशोबाने ठेवलेली असते. मग हनुवटी टेकवून नेम धरायचा, आणि मान दर वेळी वेगळीच बसते. दहा मीटरवरच्या टार्गेटात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, साधा स्कोप पॅरलॅक्सच्या बाबतीत बऱ्याच लांबच्या अंतराला जुळवलेला, त्यामुळे डोळा जरा हलला की क्रॉसहेअर कागदावर सरकते आणि आपण छऱ्यांना नावं ठेवतो. चीकपीस, म्हणजे स्टॉकवर गाल टेकवायचा उंच भाग, पाहिजे हे तुम्हाला पटलंय असं धरूनच लिहितोय, कुठला करायचा एवढाच प्रश्न.

घरी जमण्यासारखे रस्ते दोन. एक म्हणजे स्टॉकचा वरचा भाग करवतीने कापून काढायचा, तोच दोन स्टीलच्या रॉडवर बसवायचा आणि बाजूने लॉक स्क्रू द्यायचा. दुसरा, चार इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा उभा चिरून हीट गनने मऊ करायचा, स्टॉकवरच दाबून त्याचं खोगीर बनवायचं, दोन्ही बाजूंना उभ्या खाचा पाडायच्या आणि स्टॉकमधून आरपार दोन बोल्ट. फोमच्या पट्ट्या गुंडाळतात तो प्रकार मी धरतच नाही, कारण तो खालीवर होत नाही आणि आमच्या गोव्यात जुलैमध्ये त्याच्याखाली ओल अडकून पॉलिश पांढरं पडतं.

खोगिराची बाजू आधी घेतो, कारण ती खरंच भक्कम आहे. खर्च नाहीच म्हटला तरी चालेल, प्लंबरकडे उरलेला तुकडा मिळतो, फक्त पातळ ड्रेनेजचा घेऊ नका, जाड भिंतीचा प्रेशर पाईप घ्या, नाहीतर गाल टेकला की आत दबतो. गरम करताना उघड्यावर बसा, धूर निघेपर्यंत तापवू नका, आणि स्टॉकवर आधी जाडसर कापड गुंडाळा म्हणजे पॉलिश वाचेल. एका दुपारचं काम, आणि नाही आवडलं तर काढून टाकायचं, मागे दोन भोकं राहतील तेवढीच. घाम येतो, चिकट लागतं, हे आहेच, पण वर चामड्याचा तुकडा चिकटवला की ती तक्रार मिटते.

माझी तक्रार दुसरीच आहे. आमच्या घरी रायफल एक आणि मारणारे दोघं, मी आणि मुलगी, दोघांच्या गालांची उंची वेगळी. म्हणजे खोगीर सारखं वरखाली करावं लागणार, आणि तिथेच ते डोकं खातं. दोन्ही बोल्ट सैल केले की खोगीर खाली बसतं, ते एका हाताने वर धरायचं, दुसऱ्या हातात अॅलन की, पलीकडचा नट फिरायला लागतो त्याला तिसरा हात कुठून आणायचा? पुढची बाजू जमली तोवर मागची उतरलेली असते. बरं, पेन्सिलीने खुणा केल्या, खुणेवर आणून आवळलं, तरी आवळताना पाईपच्या भिंती आत दाबल्या जातात आणि वरचा भाग केसभर फुगतो, हा केसभर फरक दर वेळी सारखा असता तरी चाललं असतं, पण तसं नसतं. स्कोपऐवजी भोकातून बघायची पीप साइट वापरणाऱ्यांना तर हे लगेच दिसेल, मागच्या भोकात पुढची रिंग मधोमध बसत नाही, एका अंगाला जास्त पांढरं दिसतं. मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही हात लावलात की माझं सगळं बिघडतं." खरंच बिघडतं.

रॉडवाल्या चीकपीसमध्ये हा त्रास जवळजवळ संपतो. कापलेला भाग आणि स्टॉक यांच्या मधे रॉडवर बाजूने अडकवायचे इंग्रजी सी आकाराचे तुकडे लेथवाल्याकडून करून घेतलेत, तिचे जाड, माझे पातळ. स्क्रू सैल करा, तुकडे बदला, चीकपीस त्यावर दाबून बसवा, आवळा. मोजायचं काही नाही, उंची तीच येते.

अर्थात काम वाढतं, आणि चांगलं लाकूड कापायला हात धजावत नाही हे मान्य. कापण्याआधी खांद्याला टेकणारी बट प्लेट काढून आत बघा, काही स्टॉक वजन कमी करायला आतून पोखरलेले असतात. रॉडची भोकं कापण्याच्या आधीच ड्रिल स्टँडवर वरून आरपार उतरवा म्हणजे समांतर राहतात, वरची तोंडं नंतर खुंट्यांनी बुजवता येतात. रॉड बॅरलच्या रेषेला काटकोनात हवेत, तिरके गेले तर चीकपीस उचलताना पुढे-मागेही सरकतो. ग्रिपजवळच्या बारीक भागात करवत नेऊ नका, तिथे लाकूड आधीच कमी असतं. रॉड ८ मिमीचा आणि एसएसचाच घ्या, भंगारातल्या प्रिंटरचा रॉड गुळगुळीत असतो खरा, पण आमच्या खाऱ्या हवेत त्याला गंज धरतो. लॉक स्क्रूच्या टोकाखाली पितळेचा छोटा तुकडा टाकला की रॉडवर खड्डे पडत नाहीत.

आणि रॉड थेट लाकडात घालू नका. पावसात लाकूड फुगतं, रॉड आवळला जातो, उन्हाळ्यात तोच खुळखुळतो, त्यात स्प्रिंगची रायफल असेल तर प्रत्येक शॉटला टिकटिक. भोकात पितळेचे बुश, म्हणजे छोट्या नळ्या, अराल्डाइटने बसवले की हे बरंच आटोक्यात येतं. हे केलं नसतं तर कदाचित मीही खोगिराच्याच बाजूने लिहिलं असतं.

क्लबची रायफल असेल, आजोबांची आठवण असेल किंवा मारणारा एकटाच असेल आणि उंची एकदा ठरवून विसरायची असेल, तर खोगीर घाला, बिनधास्त. परवान्याच्या बंदुकीचा स्टॉक मात्र घरी कापत बसू नका, लायसनवाल्या गनस्मिथकडे न्या. बाकी स्वतःची एअर रायफल, घरात दोघं-तिघं मारणारे, तर मी कापाच म्हणेन. कापताना तुकडा फुकट गेला तरी मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे, फणसाच्या लाकडाचा नवा करून मिळतो, कोरायला सोपं आणि पॉलिशही छान घेतं. फक्त ही कापाकापी पावसात, गणेश चवथीच्या आसपास काढू नका, दिवाळीनंतर लाकूड नीट सुकू द्या, मगच बुशची भोकं पाडा.